कात्री नसलेलं रक्त

जन्माला अजून एक दिवसही झालेला नसतो आणि आजीच्या नजरेला बाळ पिवळं वाटू लागतं. ती बाळाच्या कपाळावर हलकेच अंगठा दाबून बघते आणि म्हणते, ‘डॉक्टरांना दाखवून घ्या गं जरा.’ रक्त तपासलं जातं. बिलिरुबिन, म्हणजे कातडी पिवळी करणारं रंगद्रव्य, भराभर चढताना दिसतं आणि बाळाची रवानगी निळ्या दिव्याखाली होते. इथपर्यंतची गोष्ट असंख्य घरांत घडते. पूर्ण दिवसांच्या दर दहा बाळांपैकी साधारण सहांना थोडीफार कावीळ होतेच आणि बहुतेकांची आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतेही. पण पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ वेगळी. तिच्यामागे कारण असतं आणि ते शोधावं लागतं.

बहुतेक वेळा ते सापडतं. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असतं, किंवा आईचा गट ‘ओ’ आणि बाळाचा ‘ए’ नाहीतर ‘बी’ असतो. कधी बाळात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं. हा लेख त्या नेहमीच्या कारणांबद्दल नाही. तो आहे अशा एखाद्याच बाळाबद्दल, ज्याच्या रिपोर्टवर कावीळ, उतरलेलं हिमोग्लोबिन आणि तळाला गेलेल्या प्लेटलेट्स या तीन गोष्टी एकाच वेळी दिसतात आणि ज्याच्या मेंदूतला रक्तपुरवठा अडण्याची भीती असते. या आजाराचं नाव लांबलचक आहे: जन्मजात थ्रॉम्बॉटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘सीटीटीपी’. दोन डॉक्टरांच्या नावांवरून त्याला अपशॉ-शुलमन सिंड्रोम असंही म्हणतात.

दहा लाखांत एखाद-दुसऱ्या माणसाला होणारा हा आजार. मध्य नॉर्वेत तो बराच जास्त आढळतो, दहा लाखांमागे सोळा-सतरा जणांना. बाकी जगात फारच विरळा. मग त्यावर एवढं लिहायचं कशाला? कारण ओळख पटली, तर या आजारावरचा उपाय रक्तघटक वेगळे करणाऱ्या कुठल्याही रक्तपेढीच्या फ्रीजरमध्ये पडलेला असतो. आणि ओळख पटली नाही, तर तेच मूल वर्षानुवर्षं ‘याच्या पेशी अधूनमधून कमी होतात’ एवढ्याच शेऱ्यावर वाढतं, आणि एखाद्या दिवशी त्याचा एक हात लुळा पडतो.

आधी ‘पेशी’ या शब्दाबद्दल. डेंगीच्या साथींनी आपल्याला प्लेटलेट्सचे आकडे तोंडपाठ करायला लावले. दीड लाखाच्या खाली आकडा गेला की घरातले धास्तावतात. काही जण त्यांना चुकून ‘पांढऱ्या पेशी’ही म्हणतात. त्या पांढऱ्या पेशी नव्हेत. जखम झाली की गळती बुजवायला धावणारे ते रक्तातले बारीक कण. त्या कमी म्हणजे रक्तस्रावाची भीती, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. सीटीटीपीमध्ये हेच समीकरण उलटं होतं. इथे प्लेटलेट्स कमी दिसतात, कारण त्या शरीरभर बारीक बारीक गुठळ्या बनवण्यात खर्ची पडलेल्या असतात. आकडा रक्तस्रावाचा वाटतो आणि खरा धोका गुठळीचा असतो. या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं आहे.

गुठळ्या का होतात, ते आता पाहू. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर सतत एक प्रथिन तयार करत असतं. त्याचं नाव व्हॉन विलब्रँड फॅक्टर. हे प्रथिन म्हणजे एक लांबच लांब दोरा. तयार होतो तेव्हा तो मांजाच्या नव्या रिळासारखा असतो, अखंड आणि चिकट. रक्त संथ वाहत असेल तेव्हा तो गुंडाळी करून गप्प पडून राहतो. रक्ताचा वेग वाढला, वाहिनी अरुंद झाली, की तो ताणला जातो, उलगडतो, आणि उलगडला की प्लेटलेट्स त्याला येऊन चिकटतात. जखम झाली असेल तर हे हवंच आहे. हा दोरा ज्यांच्यात कमी असतो त्यांना रक्तस्रावाचा त्रास होतो आणि त्याला व्हॉन विलब्रँड आजारच म्हणतात. फिनलंडच्या ज्या डॉक्टरांचं नाव या प्रथिनाला मिळालं, त्यांनी ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातल्या अशा रक्तस्रावांचं वर्णन १९२६ साली केलं होतं.

पण दोरा अखंडच राहिला तर? संक्रांत होऊन गेल्यावर झाडांत अडकलेला मांजा पाहिलाय ना? पतंग कधीच गेलेला असतो, दोरा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला धरत राहतो. रक्तात तसं होऊ नये म्हणून शरीराने एक कात्री ठेवली आहे. तिचं नाव ॲडमटीएस-१३. हे विकर मुख्यतः यकृतात तयार होतं आणि रक्तात फिरत राहतं. त्याचं काम एवढंच: लांब दोरा योग्य मापाच्या तुकड्यांत कापायचा. यातली खुबी मला फार आवडते. दोरा गुंडाळलेला असताना कापायची जागा आत दडलेली असते. तो ताणला गेला, म्हणजेच धोकादायक झाला, की तीच जागा उघडी पडते आणि कात्री नेमकी तिथे चालते. धोका आणि त्यावरचा उतारा एकाच हिसक्याने जागे होतात.

सीटीटीपी असलेल्या बाळात ही कात्री जन्मापासून जवळपास नसतेच. साध्या माणसात तिचं काम शंभर टक्के धरलं, तर या बाळांत ते दहा टक्क्यांच्याही खाली असतं, पुष्कळदा मोजता न येण्याइतकं कमी. मग न कापलेले दोरे सर्वांत बारीक वाहिन्यांमध्ये लोंबत राहतात, प्लेटलेट्स त्यांना चिकटतात आणि वाट बुजते. ठिबकवर शेती करणाऱ्यांना हे चटकन कळेल. मेन लाइनला दाब भरपूर असतो, पाणी खळाळत असतं, पण ड्रिपरच्या तोंडाशी गाळ बसला की त्या एका रोपाला थेंबही मिळत नाही. मेंदू, मूत्रपिंड आणि हृदय ही इथली रोपं.

यात रक्तक्षय कुठून आला? हाडांतला मगज तांबड्या पेशी व्यवस्थित बनवत असतो. त्या वाटेत फुटतात. अर्धवट बुजलेल्या वाहिनीतून, ताणलेल्या दोऱ्यांच्या जाळ्यातून जोराने जाताना त्या कापल्या जातात. पॅथॉलॉजिस्टने काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की हे तुकडे दिसतात, काही त्रिकोणी, काही शिपायाच्या शिरस्त्राणाच्या आकाराचे. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन मोडून बिलिरुबिन बनतं आणि बाळ पिवळं पडतं. म्हणजे कावीळ, रक्तक्षय आणि कमी प्लेटलेट्स हे तीन वेगळे आजार नाहीत. एकाच तुंबलेल्या वाटेच्या त्या तीन खुणा आहेत.

जन्माच्या वेळीच हे का उफाळतं, याचं एक पटणारं स्पष्टीकरण आहे. पोटात असताना बाळाची फुप्फुसं रक्ताभिसरणाच्या जवळजवळ बाहेर असतात. हृदयाजवळची एक छोटी नळी रक्ताला त्यांना वळसा घालून पुढे नेते. पहिला श्वास घेतला की सगळा प्रवाह बदलतो. ती नळी आकसू लागते आणि तिच्यातून रक्त मोठ्या वेगाने, उसळत जातं. त्यातच नवजात बाळाच्या रक्तात हा दोरा मोठ्यांपेक्षा जास्त आणि जास्त लांब असतो. ताण वाढलेला, दोरा भरपूर आणि कात्री नाही, अशी ही जुळणी. तरी या आजाराचं प्रत्येक बाळ जन्मतःच आजारी पडतं असं नाही. काहींत पहिलं लक्षण लहानपणी एखाद्या तापात दिसतं, तर काही स्त्रियांत थेट पहिल्या गरोदरपणात.

नवजात बाळाचा पक्षाघात ओळखणं कठीण असतं. मोठ्या माणसाचं तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं, घरातल्यांना लगेच कळतं. तान्ह्या बाळात यातलं काहीच नेमकं दिसत नाही. त्याला आकडी येते, पुष्कळदा शरीराच्या एकाच बाजूला: एकच हात किंवा एकच पाय ठरावीक लयीत झटके देत राहतो आणि आपण तो हात धरला तरी झटके थांबत नाहीत. बाळ मध्येच श्वास रोखतं, दूध ओढायचं सोडतं, उठवूनही उठत नाही. यातलं काहीही दिसलं तर ‘बघू सकाळपर्यंत’ म्हणू नये. आणखी एक खूण नंतर दिसते आणि तिचं अनेकदा कौतुक होतं: सहा-आठ महिन्यांचं मूल प्रत्येक वस्तू एकाच हाताने घेतं, दुसरी मूठ मिटलेलीच ठेवतं. वर्षाच्या आत मूल डावखुरं किंवा उजवं ठरत नाही. ते एकाच हाताला धरून बसलं असेल तर दुसऱ्या हाताची तपासणी व्हायला हवी. नवजात बाळांच्या पक्षाघाताची इतर कारणं या आजारापेक्षा कितीतरी जास्त आढळतात, पण ही खूण सगळ्यांनाच लागू आहे.

आता या आजारातला सर्वांत मोठा चकवा. बिलिरुबिन फारच चढलं की बाळाचं रक्त बदलावं लागतं. नाभीतल्या शिरेतून थोडं थोडं रक्त काढायचं आणि तेवढंच दात्याचं घालायचं. या दात्याच्या रक्तात प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा पातळ भाग, असतो आणि प्लाझ्मात असते ती कात्री. म्हणजे काविळीवरच्या उपचाराने मूळ आजारही नकळत शांत होतो. प्लेटलेट्स चढतात, बाळ गुलाबी होतं, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. डिस्चार्ज कार्डावर ‘तीव्र कावीळ, जंतुसंसर्गाची शंका’ असं काहीतरी लिहिलं जातं आणि बाळ घरी येतं. दात्याकडून आलेली कात्री मात्र दोन-तीन दिवसांत निम्मी होते, पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याच्या निम्मी. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, एखाद्या सर्दी-तापाचं निमित्त होऊन, सगळं पुन्हा सुरू होतं. तोवर ते पहिलं कार्ड कपाटातल्या फाइलमध्ये तळाला गेलेलं असतं.

यात डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे आणि बरोबर नाही. जंतुसंसर्गातही बाळाच्या प्लेटलेट्स पडतात, आणि तो कितीतरी जास्त वेळा होतो. पण एक साधी तपासणी दिशा दाखवते. आई आणि बाळाच्या रक्तगटांच्या भांडणामुळे पेशी फुटत असतील, तर कूम्ब्स नावाची चाचणी बहुधा पॉझिटिव्ह येते. पेशी फुटताहेत, प्लेटलेट्स तळाला आहेत आणि कूम्ब्स निगेटिव्ह आहे, असं असेल तर काचपट्टीवर तुटलेल्या पेशी शोधायच्या आणि ॲडमटीएस-१३ ची पातळी मोजायला रक्त पाठवायचं. हे रक्त प्लाझ्मा देण्याच्या किंवा रक्त बदलण्याच्या आधी, निळ्या झाकणाच्या नळीत काढून ठेवायला हवं. नंतर घेतलेल्या नमुन्यात दात्याची कात्री मोजली जाते आणि रिपोर्ट बरा येतो. रक्त आधीच बदलून झालं असेल तर दाराला कुलूप लागलं असं नाही. काही आठवडे थांबून पुन्हा मोजता येतं. अशा वेळी आईवडिलांनी नम्रपणे पण स्पष्ट विचारावं: ‘कावीळ आणि प्लेटलेट्स दोन्हींचं मिळून एकच कारण असू शकेल का?’

प्लेटलेट्सचा आकडा दहा-वीस हजारांवर आला की नातेवाईक बाहेरून प्लेटलेट्सच्या पिशव्या मिळवायला धावतात. डेंगीने तीच सवय लावली आहे. या आजारात जिवावर बेतणारा रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट्स देणं टाळतात. अडकलेल्या मांजात आणखी पतंग सोडण्यासारखं ते होईल.

या आजाराचा शोध कसा लागला, ती कथा मला शिकवण्यासारखी वाटते. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये एली मोशकोविट्झ या डॉक्टरांनी एका सोळा वर्षांच्या मुलीची हकिगत मांडली. ताप, पांढरेफटक अंग, मग शरीराची एक बाजू कमजोर, मग बेशुद्धी आणि मृत्यू. तिच्या बारीक रक्तवाहिन्यांत सगळीकडे गुठळ्या सापडल्या. पुढे १९६० मध्ये शुलमन आणि सहकाऱ्यांनी एका लहान मुलीबद्दल लिहिलं. तिच्या प्लेटलेट्स वारंवार पडत आणि प्लाझ्मा दिला की चढत. त्यांनी अनुमान काढलं की प्लेटलेट्स तयार करणारा काहीतरी घटक प्लाझ्मात असावा. अनुमान चुकीचं होतं, उपचार अचूक होता. १९७८ मध्ये अपशॉ यांनी एका स्त्रीची तशीच हकिगत लिहिली आणि प्लाझ्मातला हा घटक पेशींची मोडतोड थांबवतो, असं म्हटलं. १९८२ मध्ये जोएल मोक यांना अशा रुग्णांच्या रक्तात अवाजवी लांब दोरे सापडले आणि त्यांनी तर्क केला की दोरा कापणारं काहीतरी यांच्यात नसणार. ती कात्री १९९६ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे शोधली, स्वित्झर्लंडमध्ये फुर्लान यांनी आणि अमेरिकेत त्साई यांनी. तिचं जनुक २००१ मध्ये नवव्या गुणसूत्रावर सापडलं. त्या लहान मुलीला प्लाझ्मा का लागू पडतो, याचं पूर्ण उत्तर यायला चाळीस वर्षं लागली.

जनुकाचं बोललो, तर घरातला अवघड प्रश्नही बोलून टाकू. या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही बिघडलेल्या असतील तरच आजार होतो. एकच बिघडलेली असेल तर कात्री साधारण निम्मी असते आणि तेवढी पुरते, म्हणून आईवडील ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एकाच कुळात तीच बिघडलेली प्रत फिरत असेल तर नात्यातल्या लग्नांत दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अनेक घरांत आहे, म्हणून हे सांगायला हवं. पण नात्याबाहेरच्या लग्नांतही हा आजार दिसतो, आणि ‘सुनेच्या माहेरचं रक्त’ हा आरोप शास्त्रात टिकत नाही: एक प्रत माहेरची असेल तर दुसरी सासरचीच असते. आधीचं एखादं बाळ काविळीने आणि कमी पेशींनी पहिल्या काही दिवसांत गेलं असेल, तर ती दुःखाची गोष्ट नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. ती ऐकून डॉक्टर जन्मताच नमुना घेऊन ठेवू शकतात.

उपचार म्हणजे कात्री बाहेरून पुरवणं. त्यासाठी गोठवलेला ताजा प्लाझ्मा वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिली, साधारण दर एक ते तीन आठवड्यांनी. दहा किलोच्या मुलाला १०० ते १५० मिली, म्हणजे बहुधा एकच पिशवी. जयंत्यांना आणि गणेशोत्सवात आपल्याकडे जी रक्तदान शिबिरं होतात, तिथल्या एका पिशवीतून तांबड्या पेशी वेगळ्या करून उरतो तोच हा प्लाझ्मा. प्लाझ्माच्या बाबतीत गटाचा नियमही उलटा होतो: तांबड्या पेशींसाठी ‘ओ’ सर्वांना चालतो, प्लाझ्मासाठी ‘एबी’. मोठ्यांत जास्त आढळणाऱ्या दुसऱ्या टीटीपीत शरीरच कात्रीविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. तिथे यंत्रावर प्लाझ्मा अदलाबदल करावी लागते. जन्मजात प्रकारात नुसता दिला तरी पुरतो.

पण हा रस्ता सोपा नाही. दर पंधरा दिवसांनी शीर शोधायची, शाळा बुडवायची, कधी अंगावर गांध्या उठतात, कधी त्याहून तीव्र ॲलर्जी होते. आणि प्लाझ्माने कात्रीची पातळी थोडीशीच वर येते. पूर्वी समज होता की मोठा झटका टळला म्हणजे मूल बरं आहे. आता तसं मानत नाहीत. दोन डोसांच्या मध्ये, विशेषतः पुढचा डोस जवळ आला की, पुष्कळ रुग्णांना डोकेदुखी, ग्लानी, लक्ष न लागणं असे त्रास होतात. प्लेटलेट्सचा आकडा ठीक असतानाही बारीक वाहिन्यांत काहीतरी चालू असू शकतं आणि तरुणपणीच पक्षाघात झालेले रुग्ण डॉक्टरांना माहीत आहेत. म्हणून ‘आळशी झालाय हल्ली’ असं मुलाबद्दल म्हणण्याआधी शेवटचा प्लाझ्मा कधी झाला ते बघा.

कात्रीच प्रयोगशाळेत बनवण्याचं काम अलीकडे जमलं आहे. ॲडझिन्मा या नावाचं हे औषध ताकेदा कंपनीचं; अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी मान्यता मिळाली. चाचणीत प्लाझ्मानंतर कात्रीची पातळी सरासरी १९ टक्क्यांपर्यंत गेली, या औषधानंतर शंभराच्या आसपास. औषध नियमित घेत असताना कुणालाही तीव्र झटका आला नाही. दुर्मीळ आजारांच्या अशा औषधांच्या किमती आपल्या घरांना झेपणाऱ्या नसतात, ही खंत आहेच. तोवर प्लाझ्मा हाच आधार, आणि तो वेळेवर मिळाला तर मुलं शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात. लसी टाळायच्या नाहीत. लसीनंतर येणाऱ्या तापाचा विचार करून प्लाझ्माची तारीख ठरवायची. कुठलाही ताप अंगावर काढायचा नाही, शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना आजाराचं नाव सांगायचं.

यातल्या मुलींची एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी लागते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात त्या दोऱ्याचं प्रमाण सगळ्याच स्त्रियांत वाढतं. निदान झालेलं नसेल तर याच काळात प्लेटलेट्स पडतात, बाळ पोटात दगावू शकतं, आणि हे सगळं गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाच्या नावावर जमा होतं. निदान आधीच झालेलं असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीपासून प्लाझ्मा नियमित आणि शेवटी शेवटी जास्त वेळा दिला जातो, आणि या स्त्रियांना निरोगी बाळं झालेली आहेत. म्हणून मुलीच्या जन्माच्या वेळचं ते कार्ड, ज्यावर काविळीशेजारी प्लेटलेट्सचा आकडा लिहिलेला आहे, तिच्या लग्नाच्या सामानात नाही तरी तिच्या स्वतःच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर असू द्या, आणि पहिल्या तपासणीला जाताना तिने ते सोबत न्यावं.